चुन्याची बादली

आमच्या अंगणात ओरोंझाला सगळे 'दगड' म्हणत. पाठीमागे म्हणत, पण इतक्या मोठ्याने की पाठ पुरती वळायच्या आत तिच्या कानावर जावं. मीही म्हटलं आहे. लग्न होऊन या गावात आले तेव्हा ही बाई मला आधी 'दगड' म्हणूनच माहीत झाली, ओरोंझा हे नाव महिन्याभराने कळलं.

आज मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिच्याबद्दल सांगायला बसले आहे ते काही तिचं कौतुक करायला नाही. कौतुक तिला सोसलंही नसतं. मला माझी एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती तिच्याशिवाय सांगता येत नाही. पन्नासहून जास्त वर्षं मी ती गिळून बसले आहे. लाज वाटते म्हणून.

इटलीच्या टाचेवरचं आमचं गाव. नदी नाही, ओढा नाही. गावाबाहेर एक खोल विहीर होती, पण तिचं पाणी जड. साबणाला फेस यायचा नाही, केस धुतले की झाडूसारखे उभे राहायचे, आणि चणे म्हणाल तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत शिजवा, कुचर ते कुचरच. दाताखाली खडा यावा तसे. गोडं पाणी फक्त पावसाचं. ते गच्चीवर पडायचं, पन्हाळीतून अंगणाखालच्या टाक्यात जायचं आणि पुढचा पाऊस येईपर्यंत पुरवायचं. सात बिऱ्हाडं, एक टाकं. टाक्यात एक वाम, सापासारखा लांब मासा, सोडलेली असे, किडे आणि अळ्या खायला. तिला आम्ही 'मोलकरीण' म्हणायचो. अंगणात न कुरकुरता काम करणारी तीच एक, असं समोरच्या घरातली पोम्पेया म्हणायची.

टाक्याच्या झाकणाला कुलूप होतं आणि चावी ओरोंझाच्या गळ्यात. रोज सकाळी सातला ती झाकण उघडायची, स्वतःच्या हाताने पाणी शेंदून घराला दोन बादल्या द्यायची आणि कुलूप घालून तंबाखूच्या कारखान्यात पानं निवडायला जायची. घरात लग्न असो, बाळंतीण असो, पाहुणे असोत, दोन म्हणजे दोन. तिसरी मागितली तर ती उत्तरसुद्धा द्यायची नाही, झाकण लावायची. म्हणून 'दगड'.

चावी तिच्याकडे आली कशी ते मला फार उशिरा कळलं. युद्धाच्या आधी टाक्याला कुलूपच नव्हतं. सगळे भले लोक, कोणी कोणाला नाही म्हणेना. शेजारच्या अंगणातली मंडळी यायची, त्यांचे जावई यायचे, जावयांची गाढवं यायची. एका वर्षी जुलैमध्येच टाक्याचा तळ दिसला आणि पावसापर्यंत विहिरीच्या पाण्यावर दिवस काढावे लागले, पोरांची पोटं बिघडली. मग सगळ्यांनी ठरवलं की नाही म्हणू शकेल असं कोणीतरी हवं. ओरोंझा तेव्हा नुकतीच विधवा झालेली, मूलबाळ नाही, कोणाशी फार बोलणं नाही. तिच्या गळ्यात चावी घातली त्याच लोकांनी, आणि महिन्याभरात तिला दगड म्हणायला लागले तेही तेच लोक.

तिचा नवरा खाणीत कामाला होता. आमच्याकडचा दगड खाणीतून निघतो तेव्हा इतका मऊ असतो की सुतार लाकूड कापतो तसा करवतीने कापतात. पुढे हवा लागून वर्षागणिक टणक होतो. एकदा मी तिच्या उंबऱ्यावर बसून वाटाणे सोलत होते, तेव्हा ती आपणहून म्हणाली, "लोकांना वाटतं दगड जन्माचाच कठीण असतो. आमच्या ह्यांनी आणलेल्या पहिल्या दगडावर मी नखाने नाव कोरलं होतं." तिच्या दाराच्या चौकटीवर खालच्या अंगाला ते नाव होतं. मी नख लावून पाहिलं, नखच तुटलं. ती हसली. तिला हसताना मी तीन-चारदाच पाहिलं असेल, त्यातलं हे एक.

खायची काय, तर कडक पाव. आमच्याकडे पाव दोनदा भाजून पार वाळवून ठेवतात आणि खाताना पाण्यात बुडवून मऊ करतात. ती बुडवायची ते एक छोटी प्रार्थना पुटपुटून होईपर्यंत, त्याहून जास्त नाही. बुडवून उरलेलं वाटीभर पाणी तुळशीला घालायची. पाणी वाया घालवायचं नाही हे तिचं एकटीचं नव्हतं, ते अख्ख्या अंगणाचं होतं. गोडं पाणी जमिनीवर ओतणाऱ्या पोराच्या कानाखाली आधी बसायची आणि मग विचारलं जायचं की का ओतलंस. माझ्याही हाताला ती सवय लागली होती, आणि त्या सवयीनेच पुढे घात केला.

माझा नवरा लेओ लग्नानंतर चार महिन्यांत बेल्जियमला कोळशाच्या खाणीत गेला. दर पंधरा दिवसांनी पत्र यायचं. मग एकदा आलंच नाही. एक महिना, दोन महिने, तीन. मी बावीस वर्षांची होते. संत जोसेफला नवस बोलले की माणूस हातीपायी धड परत आला तर तुझी पाच संतांची पंगत घालीन. नाताळच्या आठवड्यात लेओ दारात उभा. खोकत होता, काळवंडला होता, पण धड होता. नवस फेडणं आलं.

एकोणीस मार्चला संत जोसेफचा सण. नवसवाल्याने पंगत मांडायची, गावातल्या पाच माणसांना संत म्हणून बसवायचं आणि सगळ्या गावादेखत जेवू घालायचं. प्रत्येक संतापुढे दुरडीएवढा कडं केलेला पाव, रानकांदे, मासे, मध घातलेल्या शेवया, संत्री, दारू. आणि सगळ्यांत महत्त्वाचा पदार्थ म्हणजे चणे. संत जोसेफ झालेला माणूस काट्याने थाळी वाजवतो, त्याबरोबर सगळे हात थांबतात आणि पुढचा पदार्थ येतो. तो थाळी वाजवेपर्यंत कोणी बोलायचं नाही, आणि वाजली की पुढचा पदार्थ येईपर्यंत काय बोलायचं ते बोलायचं. चणे बिघडले तर संताने नवस नाकारला असं समजतात. कोणी तोंडावर म्हणत नाही, पण समजतात. आणि ज्याच्यासाठी नवस केला तो माणूस माझ्या खाटेवर बसून खोकत होता.

म्हणून मी सणाच्या दोन दिवस आधी भल्या सकाळी ओरोंझाकडे गेले.

"मावशी, चण्यांना पाणी जास्त लागेल. दोन दिवस पाच-पाच बादल्या द्याल?"

"दोन."

"नवसाचं आहे हो."

"माहीत आहे. दोन आज, दोन उद्या, दोन परवा. चणे सगळ्या घरांत वाटून दे, प्रत्येकीने आपल्या पाण्यातलं थोडं घालून एकेक मडकं शिजवायचं. असंच करतात."

"संत जोसेफसाठीसुद्धा नाही?"

"संत जोसेफ सुतार होता. त्याला माप कळतं."

पोम्पेया समोरच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती मला म्हणाली, "अगं पोरी, दगडाला पाझर फुटायची वाट बघतेस होय? बस मग." मला हसू आलं नाही. संताप आला. बाई चुकीचं काहीच बोलली नव्हती हे मला तेव्हाही दिसत होतं, त्याने संताप वाढलाच.

त्याच सकाळी मी घराला चुना देत होते. पंगतीच्या आधी घर पांढरं करायचंच असतं. ओरोंझाने झाकण उघडून माझ्या दोन बादल्या भरून दिल्या, पोम्पेयाच्या दिल्या, पोम्पेया घरात गेली. तेवढ्यात गावच्या पावाची भट्टीवाली गल्लीतून ओरडली, "ए ओरोंझा! तुझा नंबर आला! पीठ घेऊन ये, नाहीतर भट्टी दुसरीला देते!" आठ दिवसांच्या पावाचा प्रश्न होता. ओरोंझाने इकडेतिकडे पाहिलं. अंगणात मी एकटी.

"चेझारिया, झाकणापाशी उभी राहा. कोणाला हात लावू देऊ नकोस. आलेच मी."

एवढं बोलून ती गेली, आणि जाताना दोराचा पोहरा सोडून काखेत मारून घेऊन गेली. सवय हो! भरवसाही ठेवायचा आणि पोहराही न्यायचा. मला ते लागलं. म्हटलं, बघतेच आता. माझ्या दारात चुन्याची पत्र्याची बादली होती. वरचा पातळ चुना मी परातीत ओतला, बादली दोराला बांधली आणि टाक्यात सोडली. बुडाशी चुन्याचा घट्ट लगदा बसला होता, तो मी पाहिलाच नाही. पाहायला वेळ कुठे होता, मला चोरी करायची होती.

बादली वर आली तर आत दुधासारखं पांढरं पाणी.

आता कोणीही शहाणं माणूस ते पाणी जमिनीवर फेकून देईल. मी नाही फेकलं. गोडं पाणी जमिनीवर ओतायला हात धजलाच नाही. डोकं काही विचार करायच्या आत हातांनी बादली उलटी केली आणि पाणी पुन्हा टाक्यात ओतलं. त्याबरोबर लगद्याचा अख्खा गोळा सुटला आणि डुबुक करून खाली गेला.

पाऊस कमी झालेला, टाक्यात पाणी गुडघाभर. मी वाकून पाहिलं तर खालून ढग वर यावा तसं पांढरं पसरत होतं. लाकडी चपलांचा आवाज आला. मी दोर सोडला, बादली दाराआड सारली आणि जिथे उभं राहायला सांगितलं होतं तिथे येऊन उभी राहिले.

ओरोंझा आली. झाकण लावलं. काठावर चुन्याचे दोन थेंब पडले होते. तिचा पाय त्यावर आला. तिने ते पुसले की नुसताच पाय पडला, हे मला आजही सांगता येत नाही.

मी स्वतःची समजूत घातली. चुन्याने पाणी साफ होतं, ओरोंझा स्वतः दर पावसाळ्यानंतर खडाभर चुना टाकते, तळाशी बसेल, काही होत नाही. तो खडा असतो आणि हा परातभर गोळा होता, हे मला कळत नव्हतं असं नाही. तिला तेव्हाच सांगितलं असतं तर दोन दिवस हातात होते. शेजारच्या अंगणातून पाणी उसनं आणता आलं असतं. मी काय केलं? मी भिंत रंगवायला गेले.

दुसऱ्या दिवशी चुना तळाशी बसला होता, पाणी नितळ दिसलं, आणि जरा तुरट लागलं ते टाकं आटल्यामुळे असेल असं बायका म्हणाल्या. सणाच्या पहाटे सात घरांत सात मडकी चुलीला लागली. बायकांनी किती प्रेमाने केलं होतं सगळं. दहा वाजता पोम्पेया डाव घेऊन अंगणात आली.

"तुमचे शिजले का ग? माझे नुसते उड्या मारतायत."

कोणाचेच शिजले नव्हते. अकराला सोडा घालून झाला, जाळ वाढवून झाला, संताला हात जोडून झाले. चणा दाताखाली धरला की टक्क आवाज. मी घरात पंगतीची चादर पुन्हा पुन्हा सरळ करत होते.

"पाणी बदलून बघूया," कोणीतरी म्हणालं. ओरोंझाने झाकण उघडलं. मोलकरीण पोट वर करून तरंगत होती.

पोम्पेयाने पोहरा सोडून पाणी वर काढलं. मग तिने पोहऱ्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकली.

"चुना! ओरोंझा, यंदा किती घातलास?"

"नेहमीचा खडा. पावसानंतर."

"खडा? जिभेला चटका बसतोय! पोरीने सहा बादल्या जास्त मागितल्या म्हणून सगळ्या अंगणाचं पाणी नासवलंस? संताच्या ताटात माती कालवलीस?"

"मी घातला नाही."

"मग कोणी घातला? चावी कोणाकडे आहे?"

चावी तिच्याच गळ्यात होती. सगळ्यांनी तिच्या गळ्याकडे पाहिलं. ओरोंझाने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. झाकण उघडं टाकून ती एकदाच गेली होती आणि तेव्हा तिथे कोण होतं हे आम्हा दोघींनाच माहीत होतं. तिने तोंड उघडलं, "परवा सकाळी," असं म्हणाली, आणि थांबली.

का थांबली? मी पुष्कळ वर्षं मानत आले की माझ्या नवसाकडे, माझ्या खोकणाऱ्या नवऱ्याकडे पाहून थांबली. तसं मानलं की मला बरं वाटायचं. पण माणूस ओळखता मला येतं. झाकण उघडं टाकून गेले, हे तिला सगळ्यांसमोर कबूल करायचं नव्हतं. दुष्ट म्हणवून घेणं तिला चाललं असतं, निष्काळजी म्हणवून घेणं नाही. आणि ती माझी वाट बघत होती. आता बोलेल, ही पोर आता बोलेल.

मी पोम्पेयाला म्हणाले, "जाऊ दे ग ताई. सणाच्या दिवशी भांडण नको."

अंगणभर सगळ्यांचे डोळे पाणावले. किती मोठं मन पोरीचं! बघा, दगडाने एवढं केलं तरी एक शब्द नाही!

संत बाराला आले. संत जोसेफ झाला होता गावचा म्हातारा चांभार दोनातो, तोंडात मोजून पाच दात. चण्यांचं ताट आलं. त्याने एक चणा तोंडात घातला, एका गालातून दुसऱ्या गालात नेला, डोळे मिटले आणि तसाच गिळला. मग लगेच काट्याने थाळी वाजवली. पुढचं आणा! पाची संतांनी सुटकेचा श्वास टाकला, दारातली माणसं हसली, आणि पंगत पार पडली. नवस फिटला असं सगळे म्हणाले. लेओ पुढे तीस वर्षं जगला, म्हणजे संतानेही मनाला लावून घेतलं नसावं.

जेवणं झाल्यावर पोम्पेया ओरोंझाच्या दाराशी गेली आणि हात पुढे केला. ओरोंझाने गळ्यातली दोरी काढली.

"कोणाला देताय?"

"चेझारियाला. तिचं मन मऊ आहे."

चावी तिच्या अंगाच्या उबेने कोमट होती. मी ती घेतली. सगळ्यांदेखत गळ्यात घातली. त्या दिवसाचं बाकी सगळं एक वेळ सोडून देईन, पण ती चावी मी घेतली, हे मला अजून सोसत नाही.

दुसऱ्या दिवशी ओरोंझा माझ्या दारावरून जाताना थांबली. मला वाटलं, आता कानउघाडणी होणार. मी जवळजवळ वाटच पाहत होते. ती म्हणाली, "चुन्याची बादली धुऊन ठेव. चुना पत्रा खातो." आणि कामावर गेली. मी बादली आत नेली आणि विहिरीच्या पाण्याने तीनदा घासली.

टाकं रिकामं करून खरवडलं, एप्रिलमध्ये सुदैवाने दोन मोठे पाऊस झाले. मग मी चावीवाली झाले. मला कोणाला नाही म्हणताच येईना. जो तो यायचा आणि मला वाटायचं, हिला नाही म्हटलं तर ही माझ्याकडे बारकाईने बघेल. द्या, तीन घ्या, चार घ्या. ऑगस्ट उजाडायच्या आत टाक्याचा तळ लागला. विहिरीचं जड पाणी पिऊन सगळी पोरं पुन्हा आजारी. सप्टेंबरमध्ये पोम्पेयाच ओरोंझाकडे गेली, आणि माफी वगैरे न मागता म्हणाली, "घे बाई, हे काम तुझंच." ओरोंझाने चावी गळ्यात घातली. नवी वाम तिनेच आणून सोडली. दुसऱ्या दिवशी सातला झाकण उघडलं. दोन बादल्या.

पण चुन्याची गोष्ट काही गेली नाही. अंगणात ती मुरली. पोरंसोरं म्हणायला लागली की दगडमावशीने संताच्या चण्यांत चुना घातला. नव्या सुना आल्या की पहिल्या आठवड्यात त्यांना हीच गोष्ट. रस्त्यावर गावातल्या बायका तिला वाट देताना अंग चोरायच्या. मी तिथेच असायचे, ऐकत. कधी मान खाली घालायचे, आणि त्यालाही लोक माझा चांगुलपणा समजायचे.

मी पंगत दरवर्षी घालायला लागले. नवस एकाच वर्षाचा होता. गाव म्हणे, काय भक्ती! भक्ती कसली, मला एकोणीस मार्चला रिकामं बसवत नसे.

अकराव्या वर्षी मी ओरोंझाला संत ॲना म्हणून बसायचं बोलावणं केलं. तोवर ती बहात्तरची झाली होती, कारखाना सुटला होता, कडक पाव आता भिजवून भिजवून खायची. ती येईल असं वाटलं नव्हतं. आली. काळा पोशाख, स्वच्छ रुमाल, आणि गळ्यात ती चावी, संतांच्या पंगतीत चावी घालून बसलेली पहिलीच संत असेल. दारात गाव गोळा झालेलं. पोम्पेया अगदी पुढे.

चणे आले. ओरोंझा सावकाश जेवली. दोनातो वारला होता, त्याच्या जागी बसलेल्या माणसाने थाळी वाजवली आणि सगळे हात थांबले. त्या शांततेत तिने ताटातला एक चणा उचलला, मेजाच्या कडेवर ठेवला आणि अंगठ्याने दाबला. तो लोण्यासारखा पसरला.

"मऊ आहेत," ती मोठ्याने म्हणाली. "यंदा पाण्यात काही पडलेलं नाही."

दारातली माणसं खो खो हसली. बाईने स्वतःवरच विनोद केला असं त्यांना वाटलं. पोम्पेया म्हणाली, "बघा बघा, म्हातारपणी जीभ सुटली!" ओरोंझा हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. सकाळी सातला झाकणापाशी उभी राहून घरा-घराची वाट बघायची, तशी. तिने माझ्यासाठी झाकण उघडून धरलं होतं. गाव समोर होतं, शांतता होती, माझ्या हातात डाव होता. पाच शब्द पुरे होते. तो चुना मी घातला होता. हे शब्द माझ्या जिभेवर आले होते, खोटं सांगत नाही.

मी म्हणाले, "आणखी वाढू?"

तिने डोळे माझ्यावरून ताटाकडे वळवले. मग ताट पुढे केलं.

"वाढ," म्हणाली.

त्याच वर्षी द्राक्षं उतरायच्या सुमारास ती गेली. तिला पोचवायला आम्ही नऊजण होतो. चावी मीच तिच्या गळ्यातून काढली, कारण बाकी कोणी हात लावेना. त्यानंतर चार वर्षांनी घराघरात नळ आले, पाणी विहिरीसारखंच जड, पण हवं तेवढं. टाक्यावर लादी बसवली. लोक स्वित्झर्लंडला गेले, तोरिनोला गेले. सात बिऱ्हाडांत आता मी एकटी आहे. ओरोंझाच्या दाराच्या चौकटीवरचं नाव अजून आहे. मी येता-जाता पाहते.

मागच्या एकोणीस मार्चला मी ठरवलं. त्या दिवशी चणे भिजत घातले होते आणि मला एकदम वाटलं, मी अशीच मरेन. अंगणातलं त्या काळचं जिवंत माणूस एकच उरलं आहे, पोम्पेया, तोरिनोला लेकीकडे, नव्वदीची. आता कानाने जड, पण डोकं ठणठणीत. फोन लावला. लेकीने दिला. मी ओरडून ओरडून सगळं सांगितलं. भट्टीवाली, पोहरा, पत्र्याची बादली, लगदा, डुबुक. काही सोडलं नाही. "ताई, तो चुना मी घातला होता. ओरोंझाने नाही. मी. ऐकू येतंय का?"

"येतंय ग, ओरडू नकोस," पोम्पेया म्हणाली. मी खुर्ची ओढून बसले.

"चेझारिया," ती म्हणाली, आणि तिचा आवाज भरून आला होता. "तू पहिल्यापासूनच अशी. मेलेल्या माणसाचं पापसुद्धा आपल्या अंगावर घेतेस. कोण करतं ग एवढं, तेही त्या दगडासाठी?"

"ताई, अगं खरंच मी—"

"पुरे. मला माहीत आहे कोणी घातला ते. मी तिथे होते." मग लेकीला हाक मारून ती म्हणाली, "ये ग इकडे, ऐक, आमच्या अंगणात एक देवमाणूस राहतं." आणि मी फोन कानाला धरून ऐकत होते, ती लेकीला पहिल्यापासून सगळी गोष्ट सांगायला लागली.